जुना तंबोरा, नवा तंबोरा

'जुने ते सोने' ही म्हण आपल्या तोंडी इतकी रुळली आहे की ती खरी की खोटी, असा प्रश्नच आपल्याला पडत नाही. पण सोनेसुद्धा सोनार कसोटीवर घासल्याशिवाय घेत नाही. मग वाद्याच्या बाबतीत आपण नुसत्या वयावर का भुलावे?

आमच्या नांदगाव पेठेतल्या घरी आजोबांचा तंबोरा आहे. तरुणपणी त्यांनी तो मिरजेहून आणला आणि अनेक वर्षे गुरुवारच्या भजनात तो त्यांच्या मांडीवर असे. पुढे भोपळ्याला तडा गेला. तेव्हापासून तंबोरा कापडात गुंडाळून खुंटीवर गेला. "जुनी वस्तू आहे, हात लावू नका," असा घरात दंडक झाला. भजन मात्र मोबाइलमधल्या सुरावर चालू राहिले. मागच्या दिवाळीत आजोबा मला म्हणाले, "बापू, तंबोरा काय पाहाले असते का आयकाले? मी हाओ तोवर एकडाव आयकू द्या मले." त्या एका वाक्याने मी बडनेऱ्याला महाराष्ट्र एक्स्प्रेसमध्ये चढलो आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला उतरलो.

मिरजेचा हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनचा. शस्त्रांना पाणी देणाऱ्या शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनी सतारी, तंबोरे घडविण्यास सुरुवात केली असे सांगतात. तलवारींची मागणी सरली आणि तोच हात लाकडाकडे वळला. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेस राहिले. ते स्वतः वाद्यदुरुस्तीचे जाणकार होते. भोपळे पंढरपूरकडच्या शेतांतून येतात, दांडी तुणीच्या लाकडाची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

ज्या कारागिरांकडे मी गेलो त्यांनी तंबोरा हातात घेतला, तडा पाहिला आणि हसून म्हणाले, "हा भरून निघेल. पण आधी तुमचा कान पाहू." त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून बसविले. तुटलेल्या तारा बदलून, घोडीवर सूत सरकवून त्यांनी आमचा तंबोरा तात्पुरता बोलता केला आणि तो व आपला एक नवा, असे आळीपाळीने छेडले. दुसरा ऐकताच मी म्हणालो, "हा आजोबांचा!" मागे वळून पाहतो तो त्यांच्या हातात नवा तंबोरा! मी खजील झालो.

मग त्यांनी जे समजावले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. तंबोऱ्याचा प्राण जवारीत असतो. तार घोडीच्या सपाटीवर अलगद घासत कंप पावते आणि त्यातून स्वरांचे ते झंकारणारे वलय उठते. वाजवून वाजवून घोडीवर चरे पडतात, जवारी बसते. ती पुन्हा कानसीने घासून लावावी लागते. तारा तर बदलाव्याच लागतात. म्हणजे जुन्या तंबोऱ्यातला 'जुना आवाज' कुणीतरी वेळोवेळी नवा करून दिलेला असतो. जुने खरोखर उरते ते लाकूड आणि भोपळा. मुरलेले लाकूड, जाड सालीचा मोठा भोपळा यांचे मोल कारागीरही मानतात. तसा भोपळा आज सहज मिळत नाही, हेही त्यांनी कबूल केले. परंतु चांगले साहित्य आणि चांगला हात जमला तर नवा तंबोराही तितकाच बोलतो.

"मग सगळे जुने तंबोरे चांगलेच कसे असतात?" मी विचारले. ते म्हणाले, "वाईट होते ते चुलीत गेले. चांगले होते तेवढेच तुम्ही जपलेत." आपण उरलेल्या उत्तमाची तुलना आजच्या सगळ्या बऱ्या-वाईटाशी करतो आणि निकाल आधीच ठरवून बसतो.

हा भ्रम आपलाच नव्हे. स्ट्रॅडिव्हरीचे (मृत्यू १७३७) व्हायोलिन अजोड मानले जाते. २०१२ साली पॅरिसजवळ दहा नामवंत वादकांची चाचणी घेण्यात आली. वाद्य ओळखू येऊ नये अशी व्यवस्था होती. जुनी सहा, नवी सहा वाद्ये होती. बहुसंख्य वादकांनी नव्यालाच पहिली पसंती दिली आणि जुने कोणते, नवे कोणते हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही. इलेक्ट्रिक बेस गिटारचेही तेच. लिओ फेंडरने १९५१ साली ती बाजारात आणली आणि १९६५ साली कंपनी विकली. त्यापूर्वीच्या गिटारींना आज अफाट किंमत येते. गंमत अशी की त्या कारखान्यात तयार झालेल्या होत्या. आज न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये फोडेरासारखे कारागीर त्याहून निगुतीने हाताने गिटारी घडवतात, तरी रसिकांचे डोळे जुन्याकडेच!

मित्रहो, जुन्याचा आदर करू नये असे माझे म्हणणे नाही. पण जुने वाद्य खुंटीवर टांगणे हा आदर नव्हे, ते वाजवणे हा आदर. आणि ज्या हातांनी ते घडविले त्या हातांच्या नातवंडांना काम देणे हा त्याहून मोठा आदर. त्या कारागिरांचा मुलगा दुसऱ्या नोकरीच्या शोधात आहे. आपण जुन्याचे गोडवे गात बसलो आणि सूर मोबाइलमधून घेतला तर नवा तंबोरा करणार कोण? आणि आज नवा झाला नाही तर पन्नास वर्षांनी जुना येणार कोठून?

आमचा तंबोरा दुरुस्त होऊन घरी आला. आजोबांचे हात थरथरतात, म्हणून तारा मी छेडल्या. ते डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "पयल्यापेक्षा बरा बोलते लेकाचा!" पहिल्यापेक्षा! जुन्याचे सर्वांत मोठे हक्कदार तेच होते, पण त्यांनी कानालाच प्रमाण मानले.

आपल्या स्नेहसंमेलनात गेल्या वर्षी सर्व गायन मोबाइलच्या सुरावर झाले. मधेच कुणाचा तरी फोन आला आणि षड्ज तुटला. आपण सारे हसलो. माझी प्राध्यापकवर्गास नम्र विनंती आहे की, सांस्कृतिक निधीतून महाविद्यालयासाठी एक नवा तंबोरा घ्यावा. जुना शोधत बसू नये. तो आपल्या हातांनी, आपल्या पुढच्या पिढ्यांसाठी जुना होऊ द्यावा.