इंद्ररक्षिताच्या लेण्यापर्यंत : मावळातील एक संथ दिवस

वर्षातून दोनदा लोणावळ्याला जाऊन येणाऱ्या कुटुंबांनाही मावळ बहुधा अनोळखीच असते. चिक्कीची दुकाने, भुशी धरण आणि धुक्यातील एखादे छायाचित्र, एवढ्यावर त्यांची सहल संपते. पवन मावळ, नाणे मावळ, अंदर मावळ या खोऱ्यांत डोंगराच्या कुशीला वसलेली गावे मात्र द्रुतगती मार्गावरून दिसत नाहीत. ती पाहण्यासाठी गाडीचा वेग आणि मनाची घाई दोन्ही कमी करावी लागतात, आणि बरोबर गावातील माहितगार वाटाड्या असावा लागतो.

सहलीचा काळ निवडताना आपली जुनी रीतच उपयोगी पडते. चातुर्मासात प्रवास टाळण्यामागे जीवदयेचा विचार आहे. मावळात त्याला आणखी एक कारण मिळते. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या प्रवाहात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. कार्तिकी पौर्णिमेनंतर ओढे शांत होतात, वाटा वाळतात आणि खाचरांत भाताची कापणी, झोडणी चाललेली असते. येथील इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तयार झाला. किराणा व्यापारातील मंडळींनी तो पोत्यांत पुष्कळदा पाहिला असेल; खळ्यावर त्याचा वास घेण्यात निराळी गंमत आहे.

पुणे-लोणावळा लोकलने कामशेतला उतरून नाणे मावळातील पाले गाव गाठावे. येथील डोंगरात एक लहानसे लेणे आहे. कार्ल्याच्या भव्यतेची सवय झालेल्या डोळ्यांना ते प्रथम निराशही करील: कोरीव खांब नाहीत, मूर्ती नाही. पण भिंतीवर ब्राह्मी लिपीत काही ओळी आहेत आणि त्यांचा आरंभ अरहंतांना नमन करून होतो. भदंत इंद्ररक्षिताने हे लेणे आणि त्यासोबत पोढी, म्हणजे पाण्याचे टाके करविले, असा त्यांचा आशय. ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी या लेखाचा अभ्यास केला. त्याचा काळ इसवी सनापूर्वी दुसरे ते पहिले शतक असा धरला जातो आणि महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन लेख म्हणून त्याचा उल्लेख होतो. अरहंत हा शब्द बौद्ध परंपरेतही रूढ असल्याने काही अभ्यासक येथे सावधपणे बोलतात, आणि ते योग्यच आहे. तथापि २०१९ मध्ये लोहगडाच्या पूर्वेकडील एका लेण्यात तशाच आरंभाचा आणि इंद्ररक्षिताचेच नाव असलेला लेख आढळला, तेव्हा पाल्याचे महत्त्व अधिकच वाढले.

दूरच्या तीर्थांची यात्रा करणाऱ्या किती कुटुंबांनी घराजवळची ही दोन हजार वर्षांची अक्षरे पाहिली आहेत? अक्षरे पुसट असतात. त्यांवर खडू फिरवणे, पाणी ओतणे किंवा हात घासणे कटाक्षाने टाळावे. सकाळचे तिरपे ऊन पुरेसे असते. चढण ज्यांना झेपणार नाही अशा ज्येष्ठांनी गावातच थांबावे. पारावरच्या गप्पा काही कमी माहितीच्या नसतात.

जेवणाचे आदल्या दिवशीच सांगून ठेवावे. कांदा, लसूण आणि कंदमूळ नको एवढे स्पष्ट कळवले की तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि भात असे साधे पान मिळू शकते. उकळलेले पाणी घरूनच न्यावे. वाटाड्याचा आणि स्वयंपाक करणाऱ्या माउलीचा मोबदला मात्र घासाघीस न करता द्यावा. पेढीवरचा भाव येथे लावू नये.

दुपारी मळवलीच्या बाजूला भाजे किंवा कार्ले यांपैकी एकच निवडावे. दोन्ही उरकण्याच्या हव्यासात एकही धड पाहून होत नाही. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब असून त्याच्या छतातील प्राचीन लाकडी कमानी आजही टिकून आहेत. हे बौद्ध लेणे. परंतु व्यापाऱ्यांनी वाचावा असा लेख येथे आहे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण करविले आणि जंबुद्वीपात ते उत्तम असल्याचे अभिमानाने कोरून ठेवले. वैजयंती म्हणजे कर्नाटकातील बनवासी, असे सामान्यतः मानतात. सोपारा, कल्याणकडून येणारा माल बोरघाट चढून देशावर जात असे. त्या वाटेवरच्या तांड्यांची मिळकत या दगडात उतरली आहे. भूतपालाला स्वतःचे नाव मिरवावेसे वाटले, यात नवल नाही. देणगीच्या संगमरवरी पाट्या आपणही लावतोच.

कार्तिकात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी पाचपर्यंत लेणे उतरून, सोबतचा डबा स्थानकावर पोहोचण्याआधीच सोडावा. चिक्की घ्यायचीच असेल तर ती पिशवीत बांधून न्यावी. गूळ-शेंगदाण्याची असेल तर दुसऱ्या दिवशी नवकारशीनंतरही ती तितकीच कुरकुरीत लागते.