सत्तावीस खुर्च्या कोणाच्या श्रमांवर?

२६ मार्च २०२५ रोजी डिस्ने कंपनीच्या मार्व्हल स्टुडिओने जगभरच्या प्रेक्षकांना पाच तासांहून अधिक काळ खुर्च्या दाखविल्या. एक खुर्ची, तिच्या पाठीवर एका नटाचे नाव, मग दीर्घ प्रतीक्षा आणि पुन्हा दुसरी खुर्ची, एवढाच तो कार्यक्रम होता. ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ या आगामी चित्रपटात कोण कोण काम करणार, त्यांची सत्तावीस नावे अशा रीतीने जाहीर झाली. चित्रपटातील एकही दृश्य त्यात नव्हते. तरीही लक्षावधी माणसे कामधंदा, झोप सोडून ते पाहत बसली. आणि खुर्च्या संपल्या तेव्हा वाद सुरू झाले. अमक्याची खुर्ची का नाही? तमक्याला पुन्हा का घेतले? पूर्वी ‘आयर्न मॅन’ झालेला रॉबर्ट डाउनी ज्युनिअर हाच आता खलनायक डॉक्टर डूम कसा होऊ शकतो?

हा सारा पोरखेळ आहे, श्रमिकांच्या चळवळीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे चळवळीतील अनेकजण म्हणतील. हा तुच्छतावाद जुना आहे आणि तो चुकीचा आहे. ज्या गोष्टीसाठी गिरणगावच्या नातवंडांपासून न्यूयॉर्कच्या विद्यार्थ्यांपर्यंत कोट्यवधी तरुण वर्षानुवर्षे वाट पाहतात, ती क्षुल्लक असू शकत नाही. त्या तरुणांना मूर्ख ठरवून त्यांच्याशी संवाद तोडणे म्हणजे त्यांना कंपनीच्या जाहिरात खात्याच्या स्वाधीन करणे होय. प्रश्न त्यांच्या आवडीचा नाही. त्यांच्या उत्कटतेचा मालक कोण, हा प्रश्न आहे.

वादातील न्याय्य भाग

भूमिका कोणाला द्यावी, या वादात न्यायाचा एक अंश निश्चित आहे. डॉक्टर डूम हे पात्र १९६२ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी निर्माण केले. १९६४ मध्ये त्याची जन्मकथा प्रसिद्ध झाली, ती एका रोमा मुलाची आहे. रोमा म्हणजे ज्यांना युरोपने शतकानुशतके ‘जिप्सी’ म्हणून हिणवले आणि नाझींनी ज्यांची लाखोंच्या संख्येने कत्तल केली तो समाज. त्यांची रोमानी भाषा मराठीप्रमाणेच भारतीय आर्य भाषाकुळातील आहे. २७ जुलै २०२४ रोजी सॅन डिएगो येथील मेळाव्यात डाउनी यांनी मुखवटा काढून आपण डूम होणार असल्याचे दाखविले, तेव्हा ही भूमिका रोमा नटाला का नाही, असे काहींनी विचारले. हा प्रश्न योग्यच होता. पडद्यावर कोणाचा चेहरा दिसावा आणि कोणाचा पुसला जावा, हा सत्तेचाच प्रश्न असतो.

परंतु या प्रश्नाचे पुढे काय झाले? सभागृहातील जल्लोषात तो विरून गेला. दोन वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, त्याच सॅन डिएगोच्या मेळाव्यात कंपनीने याच जागी ‘द कँग डायनॅस्टी’ या निराळ्या नावाचा, निराळ्या खलनायकाचा चित्रपट जाहीर केला होता. चाहत्यांनी त्याचीही वाट पाहिली, त्यावरही वाद घातले. कंपनीने तो बेत बदलला आणि वाट पाहणाऱ्यांना नवे नाव देऊन पुन्हा वाट पाहावयास बसविले. नंतर प्रदर्शनाची तारीखही मे २०२६ वरून १८ डिसेंबर २०२६ वर नेली. ज्या चर्चेचा विषय, वेळ आणि शेवट दुसराच कोणी ठरवितो, ती चर्चा चाहत्यांची राहत नाही. ती चाहत्यांकडून फुकट करवून घेतलेली जाहिरात ठरते.

जे कधी चर्चेला येत नाही

डॉक्टर डूम या चित्रपटात येऊ तरी कसा शकला? चाहते म्हणतात, पात्रे ‘आपल्या घरी परतली’. वस्तुस्थिती अशी की, डिस्नेने २००९ मध्ये सुमारे चार अब्ज डॉलरना मार्व्हल विकत घेतली, तेव्हा डूम आणि एक्स-मेन यांचे चित्रपटहक्क फॉक्स कंपनीकडे होते. मार्च २०१९ मध्ये सुमारे ७१ अब्ज डॉलर मोजून डिस्नेने फॉक्सच्या चित्रपट व्यवसायासह बहुतेक मालमत्ताही गिळली. या घरवापसीचे खरे नाव मक्तेदारी. २०२३ च्या फेब्रुवारीत याच डिस्नेने सात हजार कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्या सात हजारांच्या खुर्च्या कोणी पाच तास दाखविल्या नाहीत.

आणि ज्या हातांनी डूम प्रथम कागदावर उतरविला, त्या हातांचे काय झाले? जॅक कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या गरीब वस्तीत, कपड्यांच्या कारखान्यात राबणाऱ्या यहुदी स्थलांतरिताच्या घरी १९१७ मध्ये जन्मला. अमेरिका महायुद्धात उतरण्यापूर्वीच जो सायमन याच्यासह त्याने ‘कॅप्टन अमेरिका’ निर्माण केला आणि पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावताना रेखाटला. थॉर, हल्क, फँटॅस्टिक फोर, एक्स-मेन, खुद्द अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला अंक, या साऱ्यांत त्याची पेन्सिल आहे. त्याबद्दल त्याला मिळाली ती पानामागे ठरलेली मजुरी. १९८४ मध्ये कंपनी चित्रकारांना त्यांची मूळ चित्रे परत देऊ लागली, तेव्हा इतरांपुढे एक पानी कागद ठेवणाऱ्या कंपनीने कर्बीपुढे मात्र चार पानी करारनामा ठेवला. स्वतः काढलेली चित्रे परत हवी असतील तर हक्क सोडून दे, असा त्याचा अर्थ होता. सहकारी चित्रकारांनी आवाज उठविल्यावर १९८७ मध्ये काही पाने परत मिळाली; सारी नव्हेत. १९९४ मध्ये कर्बी वारला. त्याच्या वारसांनी पुढे हक्कांसाठी दावा मांडला, त्यांत २०११ आणि २०१३ मध्ये न्यायालयांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. सप्टेंबर २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालय प्रकरण हाती घ्यावे की नाही हे ठरविण्याच्या अवघ्या काही दिवस आधी, कंपनीने तडजोड केली.

कर्बी हा कालचा कामगार. आजचा कामगार संगणकापुढे बसतो. या चित्रपटांतील कोसळणारी शहरे आणि उडणारी माणसे व्हीएफएक्सच्या कामगारांच्या बोटांतून निर्माण होतात. हे काम ठेकेदारीने चालते. मोठा स्टुडिओ एका ठरलेल्या रकमेत काम देतो. पुढे दिग्दर्शकाने कितीही बदल सांगितले तरी रक्कम बहुधा तीच राहते, वाढतात ते कामाचे तास. ज्या देशात करसवलत किंवा मजुरी स्वस्त, तिकडे काम वळते : व्हँकुव्हर, लंडन, माँट्रियल, बंगळूर, मुंबई. मुंबईची प्राइम फोकस आणि लंडनची डबल निगेटिव्ह या कंपन्या २०१४ मध्ये एकत्र आल्या, त्यामागे हेच अर्थकारण होते. त्यामुळे हा प्रश्न केवळ कॅलिफोर्नियाचा नाही. तो महाराष्ट्राच्या राजधानीतही रात्रपाळी करतो.

खुर्च्यांची ती मिरवणूक निघण्याच्या जेमतेम महिनाभर आधी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, फ्रान्समधील टेक्निकलर समूह कोसळला. या समूहातील एमपीसी या शाखेने २०१६ च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’ या चित्रपटाचे काम केले होते. समूहाची बंगळूर आणि मुंबई येथील कार्यालये बंद पडली व सुमारे तीन हजार कामगार एकाएकी बेकार झाले. महानायकांवर प्रेम करणाऱ्या जगाने त्यांच्यासाठी किती तास वाद घातला?

चाहत्यांचे राज्य?

येथे बाजाराचे समर्थक एक युक्तिवाद करतात. चाहते आता दुबळे राहिलेले नाहीत, त्यांच्या रेट्यापुढे कंपन्याही नमतात, ही एक प्रकारची लोकशाहीच आहे, असे ते म्हणतात. इतिहास तपासला तर या लोकशाहीची मर्यादा कळते. १९८८ मध्ये बॅटमॅनच्या भूमिकेसाठी मायकेल कीटन याची निवड झाली तेव्हा वॉर्नर कंपनीकडे निषेधाची सुमारे पन्नास हजार पत्रे आल्याचे सांगितले जाते. कंपनी हलली नाही. १९८९ मध्ये चित्रपट निघाला आणि प्रचंड चालला. उलट ‘जस्टिस लीग’ची दिग्दर्शक झॅक स्नायडर यांना अभिप्रेत असलेली आवृत्ती प्रसिद्ध करा, ही २०१७ पासूनची मागणी कंपनीने मे २०२० मध्ये मान्य केली. का? कारण त्याच महिन्यात तिची एचबीओ मॅक्स ही नवी सेवा सुरू व्हावयाची होती आणि तिला वर्गणीदार हवे होते. जेथे मागणीतून माल निघतो तेथे कंपनी लोकशाहीवादी असते. जेथे मागणीतून मजुरी वाढते तेथे तिला लोकशाही आठवत नाही.

तथापि यावरून चाहत्यांची शक्ती निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे हा दुसरा प्रमाद होईल. १९३८ मध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी सुपरमॅनचे सारे हक्क १३० डॉलरना विकले होते. १९७५ मध्ये सुपरमॅनवर खर्चिक चित्रपट निघण्याची वार्ता आली, तेव्हा सीगल कॅलिफोर्नियात कारकुनी करीत होता आणि शुस्टरची दृष्टी जवळजवळ गेली होती. सीगलने आपली हकिगत वृत्तपत्रांना कळविली. नील अ‍ॅडम्स व जेरी रॉबिन्सन या चित्रकारांनी व्यंगचित्रकारांना एकत्र केले. वृत्तपत्रे, दूरचित्रवाणी आणि सामान्य वाचक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. वॉर्नर कंपनीला दोघांनाही प्रत्येकी वर्षाला वीस हजार डॉलरचे निवृत्तिवेतन द्यावे लागले आणि पुसलेली नावे पुन्हा छापावी लागली. डिसेंबर १९७८ मध्ये चित्रपट आला तेव्हा ती नावे पडद्यावर होती. हक्क परत मिळाले नाहीत, न्याय पुरता झाला नाही; पण नाताळच्या उत्सवात कंपनीला दोन वृद्ध, निर्धन निर्मात्यांचे चित्र परवडणारे नव्हते. प्रतीक्षेच्या काळातच मालक सर्वांत अधिक हळवा असतो, हा १९७५ चा धडा आहे.

हाच धडा सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या स्वतःच्या नोकरीतील पन्नासएक व्हीएफएक्स कामगारांनी गिरविला. युनियन हवी की नको यावर झालेल्या मतदानात एकही मत विरोधी पडले नाही. हॉलिवूडचे लेखक आणि नट त्याच वर्षी महिनोन् महिने संपावर होते. या मतदानाची लाट ठेकेदारांच्या दारापर्यंत, आणि तेथून मुंबईपर्यंत, पोहोचायची आहे.

म्हणून चळवळीच्या कार्यकर्त्याने तरुणांच्या घोळक्यात जाऊन ‘हे चित्रपट पाहू नका’ असा उपदेश करण्याचे कारण नाही. त्याने वादात सामील व्हावे आणि वादाचा विषय वाढवावा. डूम कोणी व्हावे, हे अवश्य विचारावे. त्याचबरोबर डूम कोणी काढला, त्याला काय मिळाले, त्याचे नगर संगणकावर कोणी उभारले, त्याला जादा तासांचे पैसे मिळतात काय, त्याची युनियन आहे काय, हेही विचारावे. मुंबईतील स्टुडिओंच्या वातानुकूलित खोल्यांत बसलेला तरुण स्वतःला ‘आर्टिस्ट’ म्हणवितो; तो कामगारही आहे, हे त्याला समजावण्याची जबाबदारी कामगार संघटनांची आहे आणि ती त्यांनी आजवर पुरेशी पार पाडलेली नाही.

दुर्बलांच्या मदतीला आकाशातून कोणी धावून येईल, या स्वप्नावर हा सारा उद्योग उभा आहे. सीगल आणि शुस्टरच्या मदतीला आकाशातून कोणी आले नाही. आले ते त्यांचे सहकारी व्यंगचित्रकार, काही वार्ताहर आणि बहुसंख्य साधे वाचक. श्रमिकांच्या मदतीला येणारी शक्ती यापेक्षा निराळी नसते, आणि तिची वाट पाहावयाची नसते. ती संघटित करावयाची असते.