जमीन सुटली, नाव सुटले नाही



आर्मेनिया या डोंगराळ देशात ग्युमरी नावाचे शहर आहे. त्याचे मूळ नाव कुमायरी. १८३७ मध्ये रशियाच्या झारने राणीच्या नावावरून ते अलेक्झांड्रोपोल केले. १९२४ मध्ये लेनिन वारल्यावर ते लेनिनाकान झाले. सोव्हिएत राज्य गेले आणि १९९२ मध्ये ग्युमरी झाले. म्हणजे एकाच घरात आजी जन्मली अलेक्झांड्रोपोलमध्ये, मुलगा लेनिनाकानमध्ये आणि नातवंड ग्युमरीत. घर मात्र जागचे हलले नाही!

याच देशात उलटेही घडले. १९१५ मध्ये तुर्कस्तानात ऑटोमन राजवटीने आर्मेनियन लोकांची कत्तल केली. त्यातून वाचलेल्यांपैकी काही इकडे आले. त्यांनी नव्या वस्त्यांना मागे राहिलेल्या गावांचीच नावे दिली. आधी फक्त ‘नोर’, म्हणजे ‘नवे’, एवढे जोडले. नोर खारबेर्द, नोर अराबकिर ही त्यांतलीच. जमीन, घरदार गेले. नाव तेवढे बरोबर आले.

धरणात गाव गेलेल्या आपल्या बांधवांना हे वेगळे सांगायला नको.

आज जेवणे झाली की वडीलधाऱ्यांना आपल्या शिवारातील शेतांची, ओढ्यांची जुनी नावे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. सातबारावर गट नंबर सापडेल, ही सगळी नावे सापडतीलच असे नाही.