खर्रा आणि शरीरातली कात्री

आमच्या तिवस्यात बारसं असो की तेरवी, खर्ऱ्याची पन्नी फिरतेच. 2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, तरी पानठेल्यावर खर्रा घोटणं काही थांबलं नाही. “तंबाखू कमी टाकतो, सुपारीच जास्त,” असं घरचे सांगतात. मला हे पटत नाही. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 मध्येच प्रसिद्ध केलंय.

आपल्या शरीरात प्रथिनं कापणारी विकरं असतात, जणू कात्र्याच. कोलॅजनचे जुने धागे कापले जातात, नवे विणले जातात, म्हणून तर जखम भरते. सुपारीमुळे ही कात्री बोथट होते. धागे साचतात, गाल आतून ताठ होतात, तोंडात तीन बोटं उभी मावत नाहीत. पुढे काहींना कॅन्सर होतो, तेव्हा उलटंच! गाठ याच कात्र्या भरमसाट वापरते, भोवतालची भिंत कापते अन् मानेपर्यंत पसरते.

तर मैत्रिणींनो, “यांना झोंबतं” म्हणून भाजीतलं तिखट कमी करत बसू नका. आधी दातांच्या डॉक्टरला तोंड दाखवा. आणि पूजेची सुपारी देवापुढेच राहू द्या, पाहुण्यांपुढे नको.