चाक मोठे, ओढ लहान : पिकअपचे टायर आणि आसाचे गिअर-प्रमाण

शेतमालाची ने-आण आज बहुतांशी लहान मालवाहू मोटारीवर, म्हणजे ज्या गाडीला खेड्यापाड्यांत सर्वत्र ‘पिकअप’ म्हणतात तिच्यावर, अवलंबून आहे. टोमॅटो, कोबी, फुले, द्राक्षे यांसारखा नाशवंत माल रात्रीतून बाजारात पोहोचविणारी ही गाडी कित्येक शेतकरी कुटुंबांच्या दृष्टीने बैलजोडीइतकीच महत्त्वाची झाली आहे. अशा गाड्यांना मूळ मापापेक्षा मोठे टायर बसविण्याची प्रवृत्ती अलीकडे ठिकठिकाणी आढळते. शेतरस्त्यावर गाडी खाली टेकू नये, पावसाळ्यात रुतू नये, हा त्यामागील एक हेतू असतो. गाडी उंच व रुबाबदार दिसावी, हाही असतो. टायर घेताना किंमत, नक्षी व टिकाऊपणा यांची चौकशी होते. परंतु टायर बदलला की इंजिन आणि चाक यांच्यातील सारा हिशेब बदलतो, याकडे सहसा लक्ष जात नाही. हा हिशेब आधी मांडावा आणि टायर मागाहून घ्यावा. आणि ज्या गाडीला माल भरून घाट उतरावयाचा आहे तिला तर मोठा टायर बसवूच नये, असे प्रतिपादन करण्यास पुरेशी कारणे आहेत.

बैलगाडीचे चाक आणि मोटारीचे चाक

मोठे चाक हलके चालते, ही समजूत शेतकऱ्याच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली आहे, आणि बैलगाडीपुरती ती खरीही आहे. बैल जुवाला ओढतात, ती ओढ गाडीच्या साट्याला व आसाला लागते आणि चाक केवळ मागोमाग गडगडत येते. मोठे चाक खड्ड्यात कमी बुडते, दगडावरून सहज चढते. म्हणून बैलांचे श्रम वाचतात.

मोटारीत गोष्ट उलटी आहे. तेथे चाक ओढले जात नाही, फिरविले जाते. इंजिनाचा पीळ आसातून चाकाला मिळतो आणि चाक जमिनीला मागे रेटून गाडी पुढे नेते. पाणी शेंदण्याच्या रहाटाचे लाकूड जाड केले, तर प्रत्येक फेऱ्यात दोर अधिक गुंडाळला जातो व घागर लवकर वर येते. पण हात लवकर भरून येतात. तद्वतच चाक मोठे केले म्हणजे प्रत्येक फेऱ्यात गाडी अधिक अंतर कापते. परंतु इंजिनाला त्याच मानाने अधिक जोर लावावा लागतो. बैलगाडीचा अनुभव मोटारीस लावल्याने जी फसगत होते, तिचे मूळ येथे आहे.

आसाचे प्रमाण म्हणजे काय?

गिअरपेटीतून निघालेला दांडा मागच्या आसाशी येऊन मिळतो. त्याच्या टोकाला पिनियन हे लहान दंतचक्र असते व ते क्राऊन या मोठ्या दंतचक्राला फिरविते. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात, हे आसाचे गिअर-प्रमाण होय. क्राऊनला ४१ दात व पिनियनला १० दात असतील तर प्रमाण ४.१० येते, म्हणजे दांड्याचे ४.१० फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. ४१ दातांच्याच क्राऊनबरोबर ११ दातांचे पिनियन असेल तर प्रमाण ३.७३ आणि ९ दातांचे असेल तर ४.५६ होते. आकडा जितका मोठा तितकी ओढ अधिक व वेग कमी. आकडा जितका लहान तितका वेग अधिक व ओढ कमी. गाडी तयार करताना इंजिनाचा जोर, भरावयाचे वजन आणि टायरचे माप या तिन्ही गोष्टी जुळवूनच हा आकडा ठरविलेला असतो. यांपैकी टायर तेवढा बदलला तर जुळणी मोडते.

हिशेब

उदाहरणादाखल एक गाडी घेऊ. तिचा मूळ टायर २१५/७५ आर १५ या मापाचा आहे. टायरच्या भिंतीची उंची २१५ मिलिमीटरच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर. ती वर व खाली मिळून दोनदा धरावयाची आणि १५ इंची रिंगचे ३८१ मिलिमीटर मिळवावयाचे. एकूण उंची सुमारे ७०३ मिलिमीटर होते. मालकाने त्याऐवजी ३१ इंच उंचीचा, म्हणजे ७८७ मिलिमीटरचा टायर बसविला, असे समजू. उंची सुमारे १२ टक्क्यांनी वाढली.

आता गाडी मालासह ३,००० किलो वजनाची असून १२ मीटरला १ मीटर असा चढ चढते आहे. चढासाठी २५० किलो व रस्त्याच्या अडथळ्यासाठी सुमारे ४५ किलो, मिळून २९५ किलो ओढ तिला हवी. इंजिनाचा पीळ २०० न्यूटन-मीटर, तिसऱ्या गिअरचे प्रमाण १.४, आसाचे ४.१० आणि वाटेत १० टक्के नाश धरला, तर मूळ टायरवर सुमारे २९९ किलो ओढ मिळते. गाडी तिसऱ्या गिअरात जेमतेम का होईना, पण चढते. मोठ्या टायरवर तीच ओढ २६८ किलो भरते. गाडी दम तोडते आणि दुसरा गिअर टाकावा लागतो.

खालचा गिअर आहेच, तर बिघडले कोठे, असे कोणी विचारील. जेथे खालचा गिअर शिल्लक आहे तेथे फारसे बिघडत नाही. वेळ व डिझेल तेवढे अधिक जाते. परंतु पहिल्या गिअरच्या खाली गिअर नाही. देवगडचा हापूस घेऊन गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापूरकडे निघालेली गाडी वळणावर थांबली आणि चढावरच पुन्हा हलवावयाची झाली, तर कमी पडलेली ओढ चालक अर्धा क्लच दाबून व इंजिन फिरवून भरून काढू पाहतो. क्लच प्लेट त्यातच जळते. दोष प्लेटला दिला जातो. वस्तुतः तो टायरच्या मापाचा असतो.

प्रमाण कसे निवडावे?

नवीन प्रमाण काढण्याची रीत सोपी आहे. जुने प्रमाण घ्यावे, त्याला नव्या टायरच्या उंचीने गुणावे आणि जुन्या टायरच्या उंचीने भागावे. वरील उदाहरणात ४.१० गुणिले ७८७ भागिले ७०३ केले असता सुमारे ४.५९ येते. हवा तोच आकडा क्वचितच मिळतो, कारण दात पूर्ण संख्येतच असतात. जवळचा आकडा ४.५६ आहे. तो बसविला असता त्याच चढावर तिसऱ्या गिअरात पुन्हा २९७ किलो ओढ मिळते, म्हणजे गाडी जवळजवळ मूळपदावर येते. ताशी ६० किलोमीटर वेगाला थेट गिअरात इंजिनाचे मिनिटाला सुमारे १,८५५ फेरे होत असत. मोठ्या टायरने ते १,६६० वर आले होते, ते ४.५६ प्रमाणाने पुन्हा १,८४० च्या वर जातात.

छापील मापावर सर्वस्वी विसंबू नये. भार पडला की टायर दबतो. म्हणून नेहमीचा माल भरून, हवा योग्य ठेवून, टायरवर व जमिनीवर खडूची खूण करावी, गाडी चाकाच्या एका पूर्ण फेऱ्याइतकी सरळ पुढे घ्यावी आणि ते अंतर फुटपट्टीने मोजावे. दोन्ही टायरांच्या या अंतरांची तुलना हीच खरी तुलना होय.

गाडीचे मूळ प्रमाण माहितीपुस्तिकेत न सापडल्यास तेही काढता येते. सपाट जागी, इंजिन बंद करून, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून मागचे एक चाक जॅकने उचलावे व जॅकशेजारी भक्कम आधार द्यावा. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून व हातब्रेक सोडून ते चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि तेवढ्यात दांड्याचे किती फेरे होतात ते मोजावे. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने येणारी संख्या हेच आसाचे प्रमाण असते. चार फेऱ्यांहून किंचित अधिक आल्यास ४.१०, साडेचार आल्यास ४.५६, असे समजावे.

क्राऊन व पिनियन ही नेहमी जोडीनेच बदलावी. त्यांचे दात एकमेकांशी जुळवूनच जोडी तयार केलेली असते. बसविणारा कारागीर दातांतील फट व दातांवर उमटणारा ठसा तपासणारा असावा. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या दोन्ही आसांचे प्रमाण सारखेच बदलणे अपरिहार्य आहे. अन्यथा दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढू लागतात व गिअर तुटतात. नवी जोडी बसविल्यावर आरंभी गाडीवर पूर्ण भार घालू नये आणि ठरलेल्या प्रतीचेच तेल वापरावे.

प्रमाण बदलून जे साधत नाही

येथपर्यंतचा मजकूर वाचून असे वाटेल की, आसाचे प्रमाण बदलले म्हणजे मोठ्या टायरचा प्रश्न संपला. या विषयातील सर्वांत धोक्याचा गैरसमज हाच आहे.

घाटमाथ्यावरील शेतमालाचा मार्ग कसा आहे, ते पाहावे. नारायणगावचा टोमॅटो माळशेज घाट उतरून कल्याणकडे जातो. नाशिकची द्राक्षे कसारा घाट उतरून मुंबईच्या बाजारात जातात. म्हणजे येथील गाडी भरलेली असताना उतरते आणि बहुधा रिकामी असताना चढते. तिच्या दृष्टीने चढण्याच्या ओढीपेक्षा उतारावरील रोध अधिक मोलाचा आहे. हा रोध दोन ठिकाणांहून मिळतो. खालच्या गिअरात इंजिन गाडीला मागे धरते, हा एक. आणि पायब्रेक, हा दुसरा. मोठ्या टायरने दोन्ही रोध सारख्याच मानाने, वरील उदाहरणात सुमारे साडेदहा टक्क्यांनी, घटतात. आसाचे प्रमाण बदलले तर इंजिनाचा रोध परत मिळतो. पायब्रेकचा मिळत नाही, कारण ब्रेक आसाच्या गिअरांच्या पलीकडे, प्रत्यक्ष चाकावर बसविलेला असतो. पिनियन कोणतेही घातले तरी ब्रेक तोच राहतो आणि चाकाचा हात मात्र लांबलेला असतो. तेच वजन रोखण्यासाठी चालकाला पाय अधिक दाबावा लागतो. त्यात गाडी सुमारे ४२ मिलिमीटर उंच झालेली, वर क्रेट रचलेले आणि पुढे वळण. ब्रेक तापून निकामी होण्याची वेळ लांबलचक उतारावर, तीही पहाटेच्या अंधारात व धुक्यात आली, तर गाडीबरोबर माणसेही जातात.

वेगदर्शकही त्यात भर घालतो. प्रमाण न बदलता टायर मोठा केला तर काटा ६० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ताशी ६७ किलोमीटरने धावत असते. ज्या गाड्यांत वेगाची नोंद गिअरपेटीच्या दांड्यावरून घेतली जाते, त्यांत आसाचे प्रमाण बदलल्यावर ही चूक जवळजवळ निघून जाते. ज्यांत ती चाकावरून घेतली जाते, त्यांत ती तशीच राहते.

मोठ्या टायरच्या बाजूने दोन मुद्दे मांडले जातात व त्यांत तथ्यांश आहे. सपाट रस्त्यावर हलक्या भाराने इंजिन सावकाश फिरते, हा पहिला. परंतु शेतमालाची गाडी हलक्या भाराने चालविण्यासाठी घेतलेली नसते. आसाखाली मोकळी जागा अधिक मिळते, हा दुसरा. ती मिळते खरी. मात्र टायर ८४ मिलिमीटरने उंच झाला तर आस त्याच्या निम्म्यानेच उचलला जातो. एवढ्या लाभासाठी ओढ, ब्रेक व स्थैर्य या तिन्हींवर पाणी सोडण्यापेक्षा शेतरस्त्यावर दोन ब्रास मुरूम टाकणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. शिवाय नोंदणीपुस्तकातील, निर्मात्याने मुळात ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये मनाई आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

सारांश

गाडीला मूळ मापाचाच टायर ठेवावा. नवीन गाडी घेताना उपलब्ध प्रकारांपैकी अधिक ओढीच्या प्रमाणाची गाडी मिळत असल्यास घाटातील वाहतुकीसाठी ती पसंत करावी. मोठ्या टायरची खरोखरच निकड असेल, तर निर्माता त्याच गाडीच्या ज्या प्रकारात तो टायर, त्यास जुळणारे आसाचे प्रमाण व तदनुरूप ब्रेक देतो, तो प्रकारच घ्यावा. आधीच मोठा टायर बसविलेला असेल, तर वर दिलेल्या रीतीने हिशेब मांडून पाहावा. प्रमाण बदलण्याचा खर्च आणि मूळ टायर परत बसविण्याचा खर्च यांची तुलना केली असता दुसरा मार्ग बहुधा स्वस्त व निश्चितच सुरक्षित ठरेल. तोवर घाट उतरताना भार कमी ठेवावा, ज्या गिअरात गाडी पूर्वी उतरत असे त्याच्या एक गिअर खाली उतरावे आणि पाय सतत ब्रेकवर ठेवू नये.

बैल निवडताना शेतकरी त्याची उंची पाहतो, पण केवळ उंचीवर भुलत नाही. खांदा, खूर व चाल पाहूनच दावे हाती घेतो. गाडीच्या बाबतीतही तीच पारख त्याने वापरावी.