बाटली किती लांब जाणार?

मागच्या खेपेस लोणच्यावर बुरशी का येते ते लिहिले, तर अनेकांनी आपापल्या बरण्यांची सुखदुःखे कळवली. या खेपेचा प्रश्न माझ्याच घरातला आहे, आणि त्यात माझ्या भावाची आयुष्यभराची पुंजी गुंतायची होती. विषय बिअरचा आहे. ज्येष्ठांनी कपाळाला आठ्या घालू नयेत, मी स्वतः आजवर थेंबही चाखलेला नाही. पण मलाजखंडच्या शाळेत तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. पदार्थ का नासतो आणि कशाने टिकतो, हा माझ्या आवडीचा विषय.

धाकटा भाऊ मागच्या वर्षी तांब्याच्या खाणीतून निवृत्त झाला. त्याचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, सहा वर्षे पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत काम करतो. दिवाळीत तो महाराष्ट्र एक्सप्रेसने गोंदियाला उतरला, बालाघाट-बैहर करत घरी आला आणि फराळाची ताटली पुढे येण्याआधी त्यानेच कागद पुढे केले. आबकारी खात्याचा रीतसर परवाना काढून आपल्या भागात छोटी ब्रुअरी सुरू करायची. बाटल्या भरून कान्हाच्या मुक्की फाटकाजवळच्या रिसॉर्टना, जबलपूरला आणि पुढे जमेल तिथे पाठवायच्या. यंत्रांच्या यादीत एक मोठा आकडा होता, पाश्चरायझरचा. पैसे बाबांच्या फंडातून.

"ताई, तूच सांग," भाऊ म्हणाला. "दूध आपण गॅसवर तापवतो. याला एवढं महागडं यंत्र कशाला?"

दुधापासूनच सुरुवात केली. कच्च्या दुधातून क्षयासारखे रोग पसरू शकतात, म्हणून दूध तापवणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. बिअरचे तसे नाही. तिच्यात अल्कोहोल असते, हॉप्सचा कडवटपणा असतो, आंबटपणा असतो, कार्बन डायऑक्साइड असतो आणि प्राणवायू जवळजवळ नसतो. एवढ्या अडचणींत माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा वाढत नाहीत. वाढतात ते लॅक्टोबॅसिलस, पेडिओकोकस आणि रानटी यीस्ट. त्यांनी बिअर आंबते, गढूळ होते, कधी बाटलीत गॅस वाढून ती फुटते. म्हणजे बिअरचे पाश्चरीकरण करायचे ते ती दुकानात जास्त दिवस टिकावी म्हणून.

मग कालनिर्णयच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला. ६० अंश सेल्सिअसला एक मिनिट, म्हणजे एक पाश्चरायझेशन युनिट. बिअरला साधारण १५ ते २५ युनिटे देतात. म्हणजे ६० अंशाला पंधरा-वीस मिनिटे. तापमान ७ अंशांनी वाढले की परिणाम सुमारे दहापट होतो. म्हणून ७२ अंशाला वीस सेकंदांत जवळपास १८ युनिटे मिळतात.

पद्धती दोन. एकीत भरलेल्या, बूच लावलेल्या बाटल्या गरम पाण्याच्या फवाऱ्याखालून हळूहळू सरकतात. दुसरीत बिअर पातळ पत्र्यांमधून वाहताना काही सेकंद तापते, लगेच थंड होते आणि मग बाटलीत जाते. दुसरीला जागा कमी लागते, पण त्यानंतरची नळी, बाटली, बूच सगळे निर्जंतुक हवे. नाहीतर आंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखे.

"मग मोठ्या टबात गरम पाणी घेऊन बाटल्या बुडवू," भाऊ म्हणाला. होते तसेही. पण बाटलीच्या मधोमध उष्णता उशिरा पोचते, म्हणून एका चाचणीच्या बाटलीच्या मध्यभागी थर्मामीटर हवा. शिवाय तापल्यावर आतला दाब खूप वाढतो आणि कच्ची बाटली फुटते. झाकण असलेला टब, चष्मा, हातमोजे यांशिवाय हा प्रयोग करू नये.

आता खरी गोम. पाश्चरीकरणाने जंतू मरतात, बिअरचे शिळे होणे थांबत नाही. बाटली भरताना आत राहिलेला थोडासा प्राणवायू तिची चव हळूहळू ओल्या पुठ्ठ्यासारखी करतो, आणि तापवताना हे काम आणखी पुढे सरकते. दर १० अंशांमागे रासायनिक क्रिया ढोबळमानाने दुप्पट ते तिप्पट वेगाने होतात. ४ अंशाच्या फ्रिजमधली बाटली आणि मे महिन्यात ३४ अंशाच्या गोदामातली बाटली यांत कमीत कमी आठपट फरक. फ्रिजमध्ये जिची चव तीन महिने राहिली असती, तिची गोदामात दीड आठवड्यात गेली. पाश्चरायझर घेतला तरी.

भाचा गप्प झाला. मग म्हणाला, "आत्या, जुन्या ठिकाणी आमची एक अख्खी टाकी आंबली होती. एका झडपेतलं रबरी वायसर कोणी खोलून धुतलंच नव्हतं. मला वाटलं, हे यंत्र असतं तर वाचलो असतो."

"आंबलेलं दूध तापवून गोड होतं का रे?" मी विचारले. तो हसला, पण त्याला उत्तर मिळाले होते.

ज्याच्या नावाने हे सगळे चालते, त्या लुई पाश्चरचेही हेच सांगणे होते. १८७१ मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत गेला, तिथले यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि त्यात बिअर बिघडवणारे जंतू दाखवले. थोड्याच दिवसांत त्या कंपनीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक विकत घेतला. १८७६ च्या त्याच्या बिअरवरच्या ग्रंथात भर होता शुद्ध यीस्टवर आणि बाहेरचे जंतू आत न येऊ देण्यावर. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले.

मग छोट्या ब्रुअरने पाश्चरीकरण करूच नये का? तसेही नाही. बाटली किती लांब जाणार, यावर ते ठरवावे. पुण्यात २००९ मध्ये डूलॅली सुरू झाली (नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आलेले). अशा मायक्रोब्रुअरीत बिअर बनते तिथेच, थंडगार, थोड्या दिवसांत संपते. तिथे यंत्राची गरज नाही. केग थंड ठेवून जवळपास पोचवायचे असतील तरी नाही. पण बाटली बिनफ्रिजच्या दुकानात महिनोन्‌महिने राहणार असेल, बिअरमध्ये फळांचा रस किंवा साखर शिल्लक असेल, किंवा ती बिनअल्कोहोलची असेल, तर पाश्चरीकरण किंवा तितकाच खात्रीचा दुसरा उपाय हवाच. बिनअल्कोहोलच्या बिअरला तर अल्कोहोलचे संरक्षणच नसते, तिथे प्रश्न पुन्हा आरोग्याचा होतो.

रात्री उशिरापर्यंत यादीवर खाडाखोड चालली होती. जबलपूर खोडले. बाटल्या खोडल्या. त्याऐवजी केग आले, मोठा चिलर आला, आणि आपल्याकडची वीज माहीत असल्यामुळे जनरेटर आला. पाश्चरायझरच्या पुढे भाच्याने लिहिले, 'दोन वर्षांनी बघू.' फंडातला निम्म्याहून जास्त पैसा बँकेतच राहणार, हे भावजयीने दोनदा वदवून घेतले.

परवाना अजून मिळायचा आहे आणि धंदा चालेलच असे मी म्हणत नाही. पण भाचा पुण्याला निघाला तेव्हा माझा जुना सूक्ष्मदर्शक त्याच्या पिशवीत होता, चकलीच्या डब्याखाली, टॉवेलात गुंडाळलेला. दर आठवड्याला यीस्टचा एक थेंब बघायचा आणि फोटो आत्याला पाठवायचा, ही अट. आतापर्यंत चार फोटो आले. तिसऱ्यात मला काही काड्यांसारखे दिसले. विचारल्यावर त्याने नळी खोलून पाहिली आणि आत मळी सापडली.

पुढच्या खेपेस इडलीचे पीठ थंडीत का फुगत नाही ते पाहू. तुमचे अनुभव जरूर कळवा.