बीट हर्कचा, गल्ला दुसऱ्यांचा

‘हिप-हॉप म्हणजे अस्सल अमेरिकन’, असं कट्ट्यावर कुणी ठोकून दिलं, तर त्याला डीजे कूल हर्क कुठला ते विचारा. जमैकाचा! बाराव्या वर्षी, १९६७ मध्ये, तो न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आला. ११ ऑगस्ट १९७३ ला बहीण सिंडीने शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पार्टी ठेवली. तिकीट मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. (आयडिया तिची, हे कुणी सांगत नाही.) गाण्यात नुसता ताल उरला की पब्लिक पेटतं, हे हर्कने हेरलं आणि एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून-पालटून लावत तो तेवढाच तुकडा लांबवू लागला. पुढे रॅपच्या रेकॉर्ड धडाधड खपल्या. कमावलं इतरांनी. २०११ मध्ये हर्क आजारी पडला, तेव्हा त्याच्याकडे आरोग्य विमासुद्धा नव्हता. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला तो आठवला २०२३ मध्ये. पन्नास वर्षांनी!